मिनूचा फोन आला होता

हे मी आजपर्यंत कोणाजवळही बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, संध्याकाळी दिवा लावून हात जोडते तेव्हाही नाही — तिथेही मी दुसरंच काहीतरी मागून उठते. आज तुम्हाला लिहून सांगतेय, कारण… नको. ‘कारण’ म्हटलं की माझी जीभ सुटते, मी छान छान कारणं देते आणि त्यांच्या आडून निसटते. तुम्ही समोर बसला आहात असं समजून नुसतं सांगत जाते.

मला भीती वाटतेय. हे आधीच सांगते. भर दुपार आहे, ऊन पडलंय, मानक नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये मी एकटी आहे, नवरा ऑफिसात — आणि तरी मी दाराला कडी घालून आले. कोणापासून? इथे मराठी वाचणारं आहे तरी कोण? शेजारच्या मिश्राभाभींना अक्षर कळेल, मजकूर कळणार नाही. तरीही कडी घातली.

मी नर्स. मूळची अमरावतीची. नवरा रेल्वेच्या संशोधन खात्यात इंजिनिअर, म्हणून लग्नानंतर लखनौ. इथल्या हॉस्पिटलांत काम केलं आणि गेली कित्येक वर्षं आलमबागेतल्या एका सेंटरवर शिकवते. परदेशात नोकरीला निघालेल्या नर्सेसना तिथलं काम अंगवळणी पडावं म्हणून इथेच तयार करायचं, हे माझं काम. भाषा शिकवायला दुसरे सर आहेत. मी शिकवते ते बाकीचं. पेशंटला औषध देण्याआधी त्याला विचारायचं, तो नाही म्हणाला तर नाही. डॉक्टर आले म्हणून उठून उभं राहायचं नाही. डॉक्टरांचं चुकतंय असं वाटलं तर तोंडावर सांगायचं — इथे मुली हसतात, घाबरून हसतात. आणि आपल्या हातून चूक झाली तर त्याच क्षणी जाऊन सांगायचं, कितीही लाज वाटली तरी.

हो. हेही मीच शिकवते.

मुली येतात बाराबंकी, गोंडा, रायबरेलीहून. त्यांचा माझ्यावर एवढा विश्वास का? तर मी स्वतः तिथे नोकरी करून आलेली. ‘मॅम तो लंदन में रही हैं,’ असं त्या नव्या मुलींना सांगतात. लंडन नव्हतं ते. इंग्लंडच्या उत्तरेकडचं एक सदा ओलं, करडं गाव होतं. पण मी कधी दुरुस्ती केली नाही. मॅम, कितने साल? मी म्हणायचे, तीनेक वर्षं.

तीनेक वर्षं! मी तिथे एक हिवाळासुद्धा पुरा काढला नाही.

हे कबूल करणं त्यातल्या त्यात सोपं, म्हणून आधी केलं. मला सांगायचंय ते हे नाही. पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडं थांबा.

मी तिथून का आले? सगळ्यांना सांगितलं, सासूबाई आजारी होत्या. सासूबाईंचे गुडघे दुखायचे. ते मी जाण्याआधीही दुखत होते आणि आल्यानंतरही दुखत राहिले. पण त्या बिचाऱ्या चारचौघांत सांगायच्या, ‘पोरगी माझ्यासाठी परदेशातली नोकरी सोडून आली हो.’ आणि मी मान खाली घालून उभी राहायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

खरं काय होतं? वॉर्डातला फोन. हसू नका. समोर माणूस असला की त्याचे ओठ दिसतात, हात दिसतात, काहीतरी अंदाज बांधता येतो. फोनवर नुसता आवाज — आणि त्या भागातली माणसं अर्धे शब्द घशातच ठेवून बोलायची. लॅबमधून फोन यायचा, डॉक्टरांचा यायचा, पेशंटच्या मुलीचा यायचा. मला काही म्हणजे काही कळायचं नाही. चुकीचं ऐकलं आणि चुकीचं केलं तर? माणूस मेला तर? फोन वाजला की मी चादरींच्या खोलीत शिरायचे आणि दुसरं कोणी उचलेपर्यंत घड्या घालत बसायचे. पुढेपुढे तर तो वाजायच्या आधीच पोटात कळ यायची. एका सकाळी हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेले आणि पाय आत पडेना. तशीच मागे फिरले. तिकीट काढलं. त्या फाटकातून मी पुन्हा आत गेलेच नाही.

याबद्दल मला लाज वाटत नाही. म्हणजे — आता वाटत नाही. भीती कोणालाही वाटते. पण मी ती लपवली, आणि जे लपवलं त्याच्यावर मॅम होऊन बसले. वर्गात एखादी मुलगी विचारायचीच, ‘मॅम, डर नहीं लगता था?’ मी म्हणायचे, ‘डर कैसा? दो हफ़्ते में सब आ जाता है.’ आणि रुबाबात पुढे सांगायचे — समजलं नाही तर एकदा विचारा, पण पुन्हा पुन्हा विचारू नका. त्यांना वाटतं, हिला काही येतच नाही.

हे मी कुठून काढलं? तिथे मला असं कोणीही म्हणालं नव्हतं. कसं म्हणणार? मी कधी कोणाला दोनदा विचारलंच नव्हतं.

त्या वर्गात मिनू बसलेली असायची.

मिनू म्हणजे मृण्मयी. माझी मैत्रीण वैशाली पाटणकर, तिची एकुलती एक मुलगी. पाटणकर औषध संशोधनातले शास्त्रज्ञ, जानकीपुरमला राहतात. लखनौतल्या मराठी घरांच्या गणपतीत आमची ओळख झाली आणि मग घरोबाच झाला. मिनू जन्मली, वाढली ती इथेच. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत. पाटणकरांना तिने आपल्यासारखं संशोधनात जावं असं वाटत होतं. तिने नर्सिंग धरलं आणि घरात खूप वाजलं, तेव्हा तिची बाजू घेऊन भांडले ती मी. लहानपणापासून ती माझ्या ‘तीन वर्षांच्या’ गोष्टी ऐकत आलेली. तिला माझ्यासारखं व्हायचं होतं. हे ती सगळ्यांना सांगायची. तेव्हा मला किती बरं वाटायचं!

तिला इंग्लंडात नोकरी लागली. अमौसी विमानतळावर आम्ही सगळे पोचवायला गेलो. धुकं होतं, विमानाला उशीर होता, वैशाली रडत होती आणि मधूनच बॅगेचं वजन उचलून बघत होती. मिनू आत गेल्यावर पाटणकर माझ्याजवळ आले. फार न बोलणारा माणूस. म्हणाले, ‘वहिनी, तुमच्या भरवशावर पाठवतोय हं.’

सुरुवातीला ती मला बऱ्याचदा फोन करायची. थंडी, जेवण, एकटं घर. वॉर्डात म्हातारी माणसं होती, त्यातल्या एका आजोबांचं नाव तिच्या तोंडी सारखं असायचं — आर्थर. पूर्वी बस चालवायचे. पक्षाघाताने एक बाजू गेलेली. त्यांना स्वतःला बोलायला त्रास व्हायचा, तरी मिनूला कळलं नाही की ते पुन्हा म्हणायचे, सावकाश, एकेक शब्द सोडवून. ‘मावशी, पूरे वॉर्ड में वही एक हैं जिनकी बात मुझे समझ में आती है,’ म्हणायची आणि हसायची.

मग एकदा तिने विचारलं, ‘मावशी, वॉर्ड का फ़ोन बजता है तो मुझे बहुत डर लगता है. आपको लगता था?’

त्या क्षणी मला काय झालं, सांगू? आनंद झाला. खरंच. आपल्यासारखंच आणखी कोणीतरी आहे म्हणून आत काहीतरी उडी मारून उठलं. एक ‘हो’ म्हणायचं होतं. हो ग बाई, मी तर चादरींच्या खोलीत लपायचे. एवढं म्हटलं असतं तर ती खळखळून हसली असती, दुसऱ्या दिवशी कोणालातरी जाऊन म्हणाली असती, मला फोनवर कळत नाही, मदत करा. तिथे अशा नव्या मुलींच्या मदतीला एक बाई खास नेमलेल्या होत्या. हे मला माहीत होतं.

मी म्हणाले, ‘मला? छे ग. होईल सवय. तू उगाच मनात आणू नकोस.’

‘अच्छा,’ ती म्हणाली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

आता तो दिवस.

मी पोळ्या करत होते. नवरा बाहेरच्या खोलीत बातम्या लावून बसला होता. मिनूचा फोन आला. तिथे दुपारच्या चहानंतरची वेळ असणार. ती रडत नव्हती. रडत असती तर बरं झालं असतं. तिला नीट श्वास घेता येत नव्हता. कपडे बदलायच्या खोलीत जाऊन, दार लावून ती बोलत होती.

झालं होतं असं. आर्थर आजोबांची सकाळी तपासणी झाली होती — घास-घोट नीट गिळता येतो की नाही, याची. पक्षाघातानंतर पुष्कळदा पाण्याचा घोट अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत उतरतो. तशा माणसाला पाणी, चहा, काहीही पातळ द्यायचं नसतं, एक पावडर घालून घट्ट करून द्यायचं असतं. तपासणी करणाऱ्या बाईंनी वॉर्डात फोन करून हेच कळवलं. फोन मिनूने उचलला. तिला त्यांचं बोलणं कळलं नाही. तिने एकदा विचारलं. त्यांनी पुन्हा तितक्याच वेगाने सांगितलं. दुसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

का नाही विचारलं, ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

तिने ‘हो, हो’ म्हणून फोन ठेवला. चहाची गाडी आली. आजोबांना तिने स्वतःच्या हाताने चहा पाजला, नेहमीसारखा. त्यांना जोराचा ठसका लागला, चेहरा लाल झाला, मग हळूहळू थांबला. थोड्या वेळाने त्या तपासणीच्या बाई स्वतः आल्या आणि ‘पातळ काही देऊ नये’ अशी पाटी आजोबांच्या खाटेवर लावली. मिनूने ती वाचली आणि फोनवर काय सांगितलं होतं ते तिला तेव्हा कळलं. बाईंनी सहज विचारलं — माझ्या फोननंतर त्यांना काही पातळ दिलं नाही ना?

‘मावशी, मेरे मुँह से ‘नो’ निकल गया,’ मिनू म्हणाली. ‘पता नहीं कैसे निकल गया. मैं जाकर बता दूँ? अभी वो यहीं हैं, वॉर्ड में ही हैं. बता दूँ ना?’

बघा, तिने ठरवलंच होतं. तिला फक्त कोणीतरी ‘जा’ म्हणायला हवं होतं.

मी नर्स आहे. चहा फुप्फुसात गेला असेल तर पुढे काय होतं, हे मला पाठ आहे. लगेच सांगितलं तर छाती तपासतात, तापावर लक्ष ठेवतात, औषध वेळेवर सुरू होतं. न सांगितलं तर कोणी तिकडे बघतच नाही, म्हाताऱ्या माणसाला जरा मरगळ आली एवढंच समजतात. हे सगळं, सगळं माझ्या डोक्यात आलं. तव्यावर पोळी जळत होती ती मला दिसत होती आणि मी ती उलटत नव्हते.

आणि त्याच्याबरोबर आणखी काय आलं, तेही सांगते. हिने सांगितलं तर चौकशी होणार. हिला कोणी तयार केलं, विचारणार. सेंटरचे मालक तिवारीजी आदल्याच दिवशी म्हणाले होते, पुढच्या मुलींची निवड त्याच हॉस्पिटलमध्ये व्हायची आहे, ज़रा भी गड़बड़ नहीं चाहिए. कोणीतरी माझं नाव तिकडे शोधून बघणार — ही बाई कुठे होती, किती दिवस होती, का गेली? मला त्या ओल्या गावातलं ते फाटक दिसलं. 

मी म्हणाले, ‘ठसका थांबला ना?’

‘हाँ, रुक गया.’

‘मग काही झालेलं नाही. तोंड धू. जाऊन ड्यूटी पुरी कर. कोणाला काही सांगू नकोस.’

‘पर मावशी, आपने ही तो सिखाया था कि…’

‘मिनू,’ मी म्हणाले, ‘ते वर्गातलं असतं.’

 ती अगदी लहान आवाजात ‘ठीक है’ म्हणाली. मी जळलेली पोळी गाईसाठी बाजूला काढली आणि दुसरी लाटली. नवऱ्याने विचारलं, कोणाचा फोन? मी म्हटलं, मिनूचा, घरची आठवण येतेय तिला.

बघितलंत? खोटं माझ्या तोंडात तयारच होतं. पुढे तेच कामाला आलं.

दुसऱ्या दिवशी आजोबांना ताप आला. मग धाप. ताप कशाचा ते कळायला वेळ लागला, कारण ते ठाऊक असलेली एकच मुलगी त्या वॉर्डात होती आणि तिला मी गप्प बसवलं होतं. ती मला रोज मेसेज करायची. आज बुखार थोड़ा कम है. आज ऑक्सीजन लगाया. मी हात जोडलेल्या खुणा पाठवायचे. फोन केला नाही. तिचे दोन-तीन फोन आले, ते उचललेही नाहीत. रिंग वाजत राहायची आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर निघून जायचे.

आजोबा गेले.

लगेच सांगितलं असतं तर ते वाचले असते का? कोणी सांगू शकत नाही. त्यांचं वय होतं, शरीर थकलेलं होतं. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय की आता ते मलाच ऐकू येत नाही.

मिनूने त्याच दिवशी वॉर्डच्या मुख्य सिस्टरकडे जाऊन सगळं सांगितलं. मला न विचारता. तिची ती हिंमत माझ्याकडून शिकलेली नव्हती, हे मात्र नक्की. फोन, चहा, ‘नो’ — सगळं. आणि हेही सांगितलं की ती त्याच दिवशी कबूल करायला निघाली होती, पण आधी शिकवणाऱ्या मॅमना विचारलं, आणि त्या नको म्हणाल्या.

त्या लोकांनी तिला फाडून खाल्लं नाही. फोनवर न कळणं ही त्यांच्या दृष्टीने शिकवून सुधारण्यासारखी चूक होती. अडचण होती ती लपवण्याची. आणि म्हणून त्यांना एकच गोष्ट नक्की करून हवी होती. ही मुलगी खरंच मदत मागायला गेली होती का? कोणी मोठ्या माणसाने तिला चुकीचा सल्ला दिला होता का? तसं असेल तर तिला काढायचं नाही, कोणाच्यातरी देखरेखीखाली ठेवून पुन्हा तयार करायचं. हे मला तिवारीजींनी आधीच सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. मी अंधारात नव्हते.

आलमबागच्या सेंटरवर, तिवारीजींच्या केबिनमध्ये बसून व्हिडिओवर बोलायचं ठरलं.  आता वाटेल ते होवो, खरं सांगायचं, असं मी रिक्षात बसून ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं — पण त्याला काय अर्थ आहे? पडद्यावर हॉस्पिटलच्या एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी मिनू. तिने केस घट्ट बांधले होते. मला बघून तिचा चेहरा असा सैलावला — जत्रेत हरवलेल्या पोराला आपलं माणूस दिसावं तसा. तिला वाटलं, मावशी आली. आता सगळं नीट होईल.

बाईंनी फार सौम्यपणे, सावकाश विचारलं. त्या दिवशी मृण्मयीने तुम्हाला फोन केला होता का?

तिवारीजी माझ्याकडे बघत होते.

‘हो,’ मी म्हणाले, ‘तिचा फोन आला होता. तिला घरची आठवण येत होती. आईच्या हातच्या जेवणाबद्दल बोलली.’

पेशंटबद्दल काही?

‘नाही. काहीच नाही. बोलली असती तर मी तिला ताबडतोब सांगायला लावलं असतं. आम्ही पहिल्या दिवसापासून हेच शिकवतो.’

माझं इंग्रजी त्या दिवशी फार सुंदर झालं. एक शब्द अडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या बाजूचं बोलणं अक्षर न् अक्षर कळत होतं.

एवढ्यावर थांबले असते तरी… नाही, एवढ्यावर थांबले नाही. बाईंनी विचारलं, मग तिने तुमचं नाव का घेतलं असावं? आणि मी — याची मला सर्वांत जास्त भीती वाटते, अजूनही, हे मी कुठून आणलं याची — मी जरा दुःखी चेहरा केला आणि म्हणाले, ‘मुलगी चांगली आहे. लहानपणापासून बघतेय तिला. पण घाबरली की तिला न झालेल्या गोष्टी झाल्यासारख्या वाटतात.’

 मिनू ‘झूठ’ म्हणाली नाही, रडली नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू मिटत गेला. मग पडदा काळा झाला. तिवारीजींनी माझ्यासाठी चहा मागवला. ‘आपने संभाल लिया, मैडम,’ म्हणाले. तो चहा मी प्यायले.

मिनूची नोकरी गेली. ती परत आली तेव्हा मी अमौसीला गेले नाही. अंगात कणकण आहे, असं वैशालीला कळवलं.

एक गोष्ट राहिली. ती सांगितली की संपलं.

मला वाटत होतं, ती घरी सगळं सांगेल आणि पाटणकर माझ्या दारात येतील. मी रोज वाट बघत होते.  दारावरची बेल वाजली की पडद्याआडून आधी कोण आहे ते बघायचे. तिने सांगितलं, हो. आईबापांना तिने सगळं खरं सांगितलं. आणि ते आले.

रविवारची सकाळ होती. पाटणकर, वैशाली, आणि दोघांच्या मागे मिनू. बारीक झालेली, ओढणी पुढे घट्ट धरलेली. मी दार उघडलं आणि मला खरंच वाटलं की आता हे मला मारतील. मारावं, असंही वाटलं. नवऱ्याने त्यांना आत बसवलं. पाटणकर खुर्चीच्या कडेला बसले.  मग उठून उभे राहिले आणि त्या माणसाने, माझ्यापुढे, दोन्ही हात जोडले.

‘वहिनी, कोणत्या तोंडाने बोलू? तुम्ही हिच्यासाठी एवढं केलंत. आणि हिने स्वतःची चूक झाकायला तुमचं नाव घेतलं. घरी अजून तेच म्हणतेय. आम्हाला तुम्ही काय आहात ते माहीत आहे.’

वैशाली डोळे पुसत होती. त्यांनी पोटच्या मुलीवर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला होता. इतक्या वर्षांच्या माझ्या चांगुलपणावर. पाटणकर मागे वळून मिनूला म्हणाले, ‘माफी माग मावशीची.’

 माझा नवरा माझ्याकडे कौतुकाने, जरा काळजीने बघत होता. मिनूने मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग असेल अशी मी तयारी करून ठेवली होती. राग नव्हता. ती थांबली होती. मला शेवटचं विचारत होती, जसं त्या संध्याकाळी विचारलं होतं — बता दूँ ना?

तेव्हाही माझ्या घशात शब्द होता. एवढाच, ‘ती खरं बोलतेय.’ तीन शब्द. खोलीत माझी माणसं होती, माझ्या भाषेतली. कोणाचंही बोलणं न कळण्यासारखं नव्हतं.

मी घाबरले.

मिनू पुढे आली. वाकली. ‘सॉरी, मावशी,’ म्हणाली. मराठीत पुढे काहीतरी म्हणायचा तिने प्रयत्न केला, ते जमलं नाही.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ‘असू दे,’ म्हणाले, ‘लहान आहेस. होतं असं.’

आणि मी तिला माफ केलं.